रात्री नऊचा थेंब

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
केसाएवढ्या फरकासाठी मालकाशी भांडलेला,
त्याला दाभोळकर कॉर्नरला
डावीकडनं आलेली अख्खी केएमटी दिसली नाही.

काचबिंदू, म्हणाल्या मगदूमबाई.
डाव्या डोळ्यातला दाब वाढलाय.
गेलं ते परत येणार नाही, आहे ते राखायचं.
दाब म्हटल्यावर हे जरा खुलले, ओळखीचा शब्द.
"किती पौंडांचा?"

पहिली बाटली पिवळ्या टोपणाची.
सकाळी एक थेंब, रात्री एक.
आठव्या रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली,
जुनीच, फौंड्रीच्या धुळीतली,
आम्ही विसरूनसुद्धा गेलो होतो.
जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसले.
मी मनगट धरून घड्याळाकडं बघत मोजलं.
छेचाळीस.
परत मोजलं. छेचाळीसच.

"दम्याचं सांगितलं नव्हतं?"
"डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगायचं?"
बाईंनी बाटली बदलली, आणि पावतीच्या पाठीमागं चित्र काढलं :
डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक भोक, तिथनं नाक,
नाकाच्या अस्तरातनं रक्त, उरलंसुरलं घशात.
एवढासा थेंब,
पण त्याला गावभर हिंडायची खोड.

येताना हे गप्प.
रंकाळ्याच्या वळणावर रिक्षात म्हणाले,
"म्हणजे रात्री नऊला माझ्या घशाखाली काहीतरी जातंय."

सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट न घेणारा माणूस.
चाळीस वर्षांचा नेम.
कडू लागायचं रोज, कधी बोलले नव्हते.

नवी बाटली त्यांनी घातलीच नाही.
रोज नऊला खोलीत जायचे, टोपण काढायचे, लावायचे,
मला आवाज यावा म्हणून.
अकरा दिवस.
तपासणीत दाब अठ्ठावीस.

बाई रागावल्या नाहीत.
स्वतःचं बोट नाकाच्या मुळाशी टेकवलं :
डोळा मिटायचा, इथं दाबून धरायचं, दोन मिनिटं.
बरंचसं डोळ्यातच राहील.
"बरंचसं?"
"बरंचसं."

हे शुक्रवार पेठेतल्या बस्तीत जाऊन उपाध्यांना विचारून आले.
ते काय म्हणाले, मला अजून सांगितलेलं नाही.
पण आता नऊला बोट नाकाशी लागतं
आणि ओठ हलतात.
णमोकार नऊ वेळा.
दोन मिनिटं भरतात.

डाव्या पापण्या लांब झाल्या, काळ्याभोर.
नात म्हणते, आजोबांनी एकाच डोळ्याला मस्कारा लावलाय.
हे हसतात.
ती बुबुळाबद्दल काही म्हणत नाही,
तिला कुठं माहीत आहे आधीचं.

घारे डोळे होते यांचे.
नांदणीला पंचकल्याणक पूजेच्या मंडपात
मी पहिल्यांदा बघितले तेव्हा
हातातली अक्षता हातातच राहिली होती.
आता डावा तपकिरी होत चाललाय,
बाहुलीपासनं बाहेर, हळूहळू.
दिसण्याला बाधा नाही, म्हणाल्या बाई,
पण रंग परत यायचा नाही.
यांना त्याचं काही नाही. आरसा यांना दाढीपुरता.
मीच आपली
जेवायला उजव्या अंगाला बसते.

बाटली उघडली की तिच्यावर बॉलपेननं तारीख घालते.
चार आठवड्यांनी टाकायची, आत औषध उरलं तरी.
टाकणं यांच्या रक्तात नाही.
परवा शिलाई मशीनच्या खणात तसलीच बाटली सापडली,
तेच टोपण, माझ्याच अक्षरातली मागची तारीख.
हुंगली.
मशीनचं तेल.
"चोच झकास आहे गं तिची," म्हणाले,
"एका वेळी एकच थेंब."

मी काही बोलले नाही.
नऊला दहा कमी होते.
फ्रिजमधली बाटली काढली, दिव्याखाली धरली,
तारीख वाचली,
हुंगली,
मग म्हटलं,
मान वर करा.