अभ्यास क्रमांक अकरा

बावीस निबंधांतले एकवीस तक्त्यात बसले.
अकराव्यात सरासरी आहे, प्रमाण विचलन नाही.
निपाणी, विडी कामगार, बायका एकसष्ट,
नळीत फुंकर मारून मोजलेला श्वास, सरासरी इतका.
त्या सरासरीपासून कोण किती लांब पडली
ते छापायचं राहिलं.

पत्र घातलं. डॉक्टर अंकलगी वारले होते.
गोकाकहून सुनेनं कन्नडमध्ये कळवलं:
मामंजींच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या,
एक उरलीय, पाठवते.

वहीत आकडे नाहीत. नावं.
इरव्वा. सोनाबाई. रुद्रव्वा. पुन्हा इरव्वा, आडनाव वेगळं.
काहींपुढं रेघ, "आली नाही."
का, ते लिहायला रकाना आखलेला नाही.
संगणक म्हणतो, योगायोगानं आली नाही असं समजा.
समजलेही असते,
पण माझी आत्या त्याच गल्लीत विड्या वळायची.
दम लागणारी बाई
तपासणीच्या दिवशी दवाखान्याचा जिना चढत नाही.
हजारातली छाट ठेकेदाराच्या वहीत दिसत नाही,
मजुरीत दिसते.

रात्री साडेनऊ, टिळकवाडी, दिवे गेलेले.
मोबाईलच्या उजेडात तारखा ताडून बघताना
अभ्यास चारच्या एकसष्ट बायका
ह्याच निघाल्या.
तिथं छापलंय 'निप्पाणी, जिल्हा बेळगावी',
इथं 'निपाणी, जिल्हा बेळगाव'.
तिथं खोकला, इथं श्वास.
पाटी बदलली
आणि मी एकच छाती दोनदा मोजली.

आता खोकल्याचा नि श्वासाचा सहसंबंध किती?
कुणीच लिहिलेला नाही.
हिरेगौडर फोनवर म्हणतो, "पॉइंट पाच धर की. सगळे धरतात."
धरला.
मग पॉइंट तीन धरून बघितला, मग आठ.
मध्य फारसा हलत नाही,
तळाची चौकट तेवढी रुंदावत जाते,
पत्त्यातल्या चौकटीवर कुणी बसल्यासारखी.

झोपायच्या आधी आत्याला विचारलं,
तुमच्या गल्लीत इरव्वा किती होत्या गं?

"दोघी की. जावा जावा.
कार्ड एकीचं, वळायच्या दोघी.
हिला धाप लागली की ती हजार पुरं करायची.
त्या नळीत फुंकायला तरी
कुठली गेली असंल, आता कोण सांगायचं.
तू जेवलीस काय?"