पंधरा मिलिमीटर

एकतीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
मी बेअरिंगचे व्यास मोजले.
आता नेरुळच्या सिडकोच्या घरात
चीजचे चौकोन कापतो.
पंधरा मिलिमीटर.
सून म्हणते, बाबा, अंदाजे चालेल.
अंदाजे हा शब्द आमच्या खात्यात नव्हता.

उद्या पामबीचवरच्या टॉवरमध्ये कुणाची तरी पन्नाशी.
बासष्ट माणसं, बासष्ट प्याले,
ज्याचा त्याचा वेगळा,
कुणी कुणाच्या ताटात हात घालायचा नाही.
"म्हणजे पंगतच की," मी म्हणालो, "फक्त उभ्याने."
जेसिंता हसली. वसईची पोर,
हसायचं असलं की आधी सुरी खाली ठेवते.

तळाशी खारे पिस्ते.
मग एक काडी: द्राक्ष, चीज, ऑलिव्ह, पुन्हा द्राक्ष.
काठावर अर्धं अंजीर, पुरंदरचं,
वाशीच्या फळबाजारातून पहाटे
हुज्जत घालून आणलेलं.
आणि मधोमध सलामीचं फूल.

इथे काम अडतं.

ही बाहेरच्या खोलीत. दार लोटलेलं,
कडी लावलेली नाही, हेही मी नोंदवून ठेवतो.
लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात
ओट्याच्या वाटण्या झाल्या:
हिरवी चिकटपट्टी, लाल चिकटपट्टी,
दोन सुऱ्या, दोन फळ्या,
फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा म्हणजे परमुलूख.
तह कुणी लिहिला नाही. कुणी मोडलाही नाही.
मुलगा महापेला रात्रपाळीला असतो,
तो सुटला.

सलामी हातात घेतली तेव्हा वाटलं,
शाळेतला टिपकागद, ओला झालेला.
चार चकत्या प्याल्याच्या तोंडावर दुमडायच्या,
उलटं केलं की गुलाब.
माझे गुलाब उघडत होते एकेक करून,
ऐन सुनावणीत साक्षीदार फुटावेत तसे.

सव्वाअकरा. बावीस झालेले, चाळीस बाकी.
दार वाजलं नाही, नुसतं उघडलं.
ही चष्मा कपाळावर सारून उभी,
ओट्यापासून दोन फरशा लांब.
"चुण्या बाहेरून घालताय तुम्ही.
मोदकाला काय बाहेरून घालतात?"
जेसिंताने नवे हातमोजे पुढे केले, बोलली काही नाही.
हिने ते घेतले नाहीत.
कोथिंबिरीची पिशवी झटकली,
हातावर चढवली,
मनगटाला रबर.

मग चाळीस गुलाब.
प्रत्येकाला सात चुण्या.
मी मोजल्या.

"हे टिकतं कसं गं?"
"मीठ, आई. मीठ आणि वारा. आणि कुणी हात न लावणं."
"लोणच्याचं तसंच."
"आमच्या सुकटीचंही."
यावर ही काही बोलली नाही,
पण पिशवीतली बोटं थांबली नाहीत.

सकाळी फोन आला, एक माणूस कमी करा.
एकसष्ट प्याले लिफ्टने खाली गेले,
एक ओट्यावर राहिला.
अंजीर मी खाल्लं. चीजही मीच,
एका कडेने चौदाच भरलं असतं,
पाठवलं नाही तेच बरं.
सलामी, ऑलिव्ह, पिस्ते जेसिंताने.
काडीवर एक द्राक्ष उरलं.

"हे त्याला टेकलं होतं का?" हिने विचारलं.

टेकलं होतं. मी पाहिलं होतं.
जेसिंता माझ्याकडे बघत राहिली.
एकतीस वर्षांत मी एकही खोटा शेरा मारला नाही,
आणि मोह झालाच नाही असंही नाही.
"टेकलं होतं," मी म्हणालो.

हिने काडी उचलली,
द्राक्ष खिडकीच्या उजेडात धरून फिरवलं,
मी छर्रे फिरवून बघायचो अगदी तसं,
आणि तोंडात टाकलं.

"किंचित खारट," ही म्हणाली.
मग रात्रीची पिशवी साबणाने दोनदा धुतली,
उलटी केली,
आणि गॅलरीत चिमटा लावून
वाळत घातली.