पाणी चाललंय का

पंप चालू आहे याचा अर्थ
पाणी चालू आहे असा होत नाही.
उद्यमनगरात हे शिकायला मला सात वर्षं लागली,
बाबालाल मुल्लाणींना एक रात्र.

भोगावतीच्या काठाला, बालिंग्याच्या वरच्या अंगाला
संस्थेचं जॅकवेल.
दोन मोटारी, एकशे बारा सभासदांचा ऊस,
भिंतीवर खडूनं लिहिलेल्या पाळ्या.
एप्रिलात खालच्या बंधाऱ्याचे बरगे
कुणीतरी रातोरात काढले,
नदी फूटव्हॉल्व्हच्या खाली उतरली
आणि एक नंबरची मोटार पहाटेपर्यंत
हवा उपसत राहिली.

म्हणून मला बोलावलं. कोटेशन घेऊन या.

सेक्रेटरी म्हणाले, दाबाचा स्विच लावू, स्वस्तात जाईल.
मी दोन नंबर चालू करून
डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पुरता आवळला.
काटा चढला, साडेपाच किलोवर थांबला.
"प्रेशर तर झकास हाय," चेअरमन खूश.
सगळे काट्याकडं बघत होते.
बाबालाल तेवढे बाहेर, पाटाकडं,
जिथं थेंबही येत नव्हता.

मग पॅडलचा. पाण्यात एक पातं,
ढकललं गेलं की कळवतं. साधं, गावात दुरुस्त होणारं.
पण या नदीला पावसाळ्यात काय काय येतं,
केंदाळ, निर्माल्य, खताची पोती, कुणाची तरी एक चप्पल;
पातं एकदा अडकलं की
पाणी असो नसो, "हो" म्हणत राहणार.
"असली दोघं कमिटीत हाईत की," कोणीतरी मागून.

अल्ट्रासोनिकची किंमत मी वाचली
तेव्हा नेमका चहा आला.

राहिले दोन.
एक पॅनेलमध्येच बसतो, पाण्याला शिवतही नाही,
मोटारीचा करंट मोजतो.
रिकामा पंप ओरडतो जास्त, खातो कमी;
अँपिअर उतरले की ओळखायचं.
पण रात्री साडेतीनला या फीडरचं व्होल्टेज
कुठल्या गावाचं असतं ते वीज मंडळालाच ठाऊक.

दुसरा पाइपात बोटभर शिरतो,
स्वतःला जरासा तापवतो
आणि बघत बसतो,
ही ऊब कोणी नेतंय का.
नेली, तर पाणी आहे.
अंगातच राहिली, तर बंद करा.

"म्हंजे हात," बाबालाल म्हणाले.
अख्ख्या बैठकीत पहिल्यांदाच.

एकतीस वर्षं त्यांनी डावा तळवा टेकवून पाहिलं होतं.
गार लागलं की पाणी चाललंय,
मग बिडी, मग रजिस्टर.
त्या रात्रीही टेकवला होता.
केसिंग भाकरीच्या तव्यासारखं,
त्यांना काही लागलंच नाही.
वास आला तेव्हा वाटलं, पॅकिंग जळतंय.

साखर. बारा वर्षांची.
उसाच्या गावात हा शब्द कोणी हळू बोलत नाही,
ते बोलले.
हाताची पट्टी मी आल्याआल्या पाहिली होती.
समितीनं मोटारीच्या वाइंडिंगचा खर्च विचारला होता.

दोन्ही लावा, मी लिहिलं.
करंटवाला आणि तापणारा, एकमेकांचे साक्षीदार.
आणि खाली: गाळाचा थर बसला
तर हाही बधिर होतो,
महिन्यातून एकदा काढून पुसावा.
"कोण पुसनार?"
"मी पुसीन," बाबालाल.

चाचणीसाठी पाणी आम्ही मुद्दाम तोडलं.
मोटारीचा सूर पातळ झाला, मी मोजत होते.
अकरा. बारा.
त्यांचं बोट लाल बटणावर, न दाबता.
सतरा.
एकोणीसला कॉन्टॅक्टर पडला, टक्,
आणि पलीकडच्या काठाची टिटवी
एवढ्या जवळ आहे हे तेव्हा कळलं.

रजिस्टरात त्यांनी वेळ लिहिली, सही केली.
पंप पुन्हा भरून घेतला, चालू केला.
दिवा हिरवा होता, आकडा बरोबर होता.
निघताना तरी पाइपाजवळ थांबले,
बाही वर सारली
आणि टेकवलं कोपराच्या वरचं,
अजून जागं असलेलं कातडं.

"हं," म्हणाले. "गार हाय."