बलक, चार डझन

या, सावकाश उतरा. बावीस पायऱ्या आहेत,
नववी झिजलेली.
वर फाटकापाशी ज्यांचे फोटो काढलेत
ते दोन दगडी सिंह मालकांनी आणले
कुठल्याशा मोडीत निघालेल्या मठातून.
वाईनशी त्यांचा काही संबंध नाही.

इथं मात्र हळू बोला.
ही ओकची पिंपं दीड वर्ष झोपतात
आणि झोपेत थोडी थोडी आटतात.
आठवड्यातून दोनदा आम्ही त्यांना काठोकाठ भरतो,
कारण रिकामी जागा दिसली
की हवा तिथं बिऱ्हाड थाटते,
आणि हवेसारखी वाईट भाडेकरू नाही.

शातो मोर्तेसाल. तीनशे वर्षं.
माहितीपत्रकात सगळं आहे: मार्की, क्रांती, लिलाव,
पुन्हा एक मार्की.
मग मुळं खाणारा तो कीडा, तिळाएवढा,
समुद्रापलीकडून आलेला.
टेकडी उघडी पडली, वेली सरपणाच्या भावात गेल्या.
शेवटी कलमं बांधली त्याच समुद्रापलीकडच्या
रानवट मुळांवर.
आमच्या खानदानी द्राक्षांचे पाय
तेव्हापासून परक्या मुलखातले आहेत.
लेबलवर हे छापत नाहीत.

ही वही पाहा. हात लावू नका, नुसती पाहा.
तळघराचा कारभारी फेरेओल कझनाव,
प्रत्येक पानाखाली त्याची सही.
त्याचा सात साधा: वर छप्पर, खाली एक काठी.
सतरा तारीख, सत्तावीस पिंपं,
सगळे सात असे, उघड्या अंगाचे.

आता चौदा सालचा सप्टेंबर.
त्याचा मुलगा आन्सेल्म मार्नच्या काठी पडला
त्याच आठवड्यात तोडणी सुरू झाली.
म्हाताऱ्यानं बारा दिवस तोंड उघडलं नाही,
आणि तेराव्या दिवशी पेला नाकाशी नेला
तर काही नाही. पाणी.
नाक गेलं होतं मुलाबरोबर.

इथून पुढे बघा:
प्रत्येक सातच्या कमरेला एक आडवी रेघ.
सही त्याचीच. सात दुसऱ्या कुणाचे.

सून होती, झेली. तेवीस वर्षांची.
बाईचा पाय पडला की तळघर विटाळतं,
वाईन आंबते, असं तेव्हा मानत.
(मालकांची आजी मानायची. पीत मात्र रोज असे.)
म्हणून म्हातारा दारात स्टुलावर बसे,
कुणी आलं की मोठ्यानं खोकत असे,
आणि ती मेणबत्ती धरून पिंपामागे उभी,
ज्योतीसमोरून वाहणाऱ्या धारेत
पहिला गढूळ धागा कधी येतो ते बघत.
तो दिसला की थांबायचं. क्षणभर आधी नाही,
क्षणभर नंतर नाही.
हे कुणी शिकवत नाही.

नऊ वर्षं.
एकोणीस सालच्या वाईनला बोर्दोत सुवर्णपदक मिळालं.
वर दिवाणखान्यात टांगलंय, फेरेओलच्या नावाचं.
तुम्ही त्याच्याखालीच कोट काढून ठेवलेत.

तिचं नाव?
आहे. शेवटचं पान.
वाईन निवळायला पिंपात अंड्याचा पांढरा घालतात,
फेटून, दर पिंपाला सहा.
पिवळं उरतं. ते कामगारांनी घरी न्यावं असा रिवाज,
आणि रिवाजाची नोंद ठेवावी लागते:
"झेली — बलक, चार डझन."
पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.
या तीनशे वर्षांत आमच्या घराण्यातल्या बाईचं नाव
एवढंच.

आजी सांगायची, त्या हिवाळ्यात
घरभर केकचा वास असे,
आणि तिची आई स्वतः एकही खात नसे.
उद्याच्या चवीसाठी जीभ कोरी ठेवायची होती.

आता नोंदी मी करते. कॉम्प्युटरवर.
तिथले सात सगळे सारखे.
फक्त खडूनं पिंपावर तारीख टाकताना,
आणि सतरा असेल तर,
हात आपसूक एकदा आडवा जातो.

चला, पेले त्या फळीवर ठेवा.
हो, थुंकलात तरी चालेल, सगळेच थुंकतात.
ती गिळत असे, असं म्हणतात.
चढताना नववी पायरी सांभाळा.