कडा

धरणगावात मी खतावण्या बांधतो,
जिनिंगच्या, पतपेढीच्या, कधी शाळेची हजेरी.
खळीत मोरचूद घालतो, कसर लागत नाही.

रिबेकाबाई वसावे, मिशन दवाखान्यातली जुनी नर्स,
पिशवीतून काढते तळहाताएवढं पुस्तक, पानं सुटलेलं.
"नातीला द्यायचंय, हिलालभाऊ.
शिवा. अन् कडा कापून सारख्या करा."

छापील नक्कल आहे. मूळ कुणा सावकाराच्या बायकोचं,
सहाशे वर्षांमागं, वासराच्या कातड्यावर हातानं लिहिलेलं.
एवढं तिला मडमेनं जाताना सांगितलं होतं.
आठ प्रहरांच्या प्रार्थना, लॅटिनमध्ये.
लॅटिन तिला येत नाही. मला तर इंग्रजीही नाही.
पण सोनं छापलं तरी चमकतं
दुकानातल्या एकाच बल्बखाली.

महिन्याला एक चित्र.
ऐन थंडीत शेकोटीपुढं तंगड्या पसरलेला म्हातारा,
आमचा झिपरू बसतो तस्सा.
सोंगणी करणाऱ्या बाया. विळा ओळखीचा.
काठानं वेली, आणि वेलीत
गोगलगाईवर भाला रोखलेला शिपाई.
देवाच्या पुस्तकात याला कुणी येऊ दिलं?
कोपऱ्यात मालकीण, मरियेच्या पायाशी
गुडघ्यावर, नखाएवढी.

मग पेन्सिल दिसली.
वेलींच्या बाहेर, कोऱ्या जागेत, पार टोकापर्यंत:
*जिनमधल्या बाईला जुळं. वीज गेली. कंदील दातात धरला.*
*पहाटे तीन. ताप एकशेचार. पोर वाचलं.*
*पौलदचं बोट, चार टाके. रडला नाही, बायको रडली.*
आणि एका पानावर नुसतं:
*आज कुणी आलं नाही. केळीची पानं वाजत होती.*

गठ्ठा कटरखाली लावला.
पाव इंच तर जाणार.
पाव इंचात जुळ्यातलं एक जातं,
कंदील जातो, दात राहतात.
पातं वरच ठेवलं. तसाच शिवला,
पाठीला मांजरपाट, वर लाल कापड.

शनिवारी आली. कडांवरून अंगठा फिरवला.
"कापलं नाहीत?"
"कटर बिघडलंय."
माझ्याकडं बघत राहिली बराच वेळ,
ताप बघतात तसं.

मग दुकानातलीच पेन्सिल उचलून
गोगलगाईच्या खाली लिहायला लागली:
*हिलालभाऊ. शिवण पक्की. दोनशे सांगून दीडशे घेत*

शिसं मोडलं.
मी टोक करायला ब्लेड दिलं.