वीतभर

सत्याऐंशी सालचा ट्रक. मी घेतला तेव्हा सहा वर्षांचा होता
आणि मी अडतीसचा.
विकणारा मेंढरांवरचा माणूस, लॉस लुनासकडचा.
चावी देताना एवढंच म्हणाला,
"थंडीत दुसऱ्या गिअरला घाई करू नकोस, ओरडतो."
एकतीस हिवाळे झाले. अजून ओरडतो.

आमच्या दरीत गाड्या खाली बसवतात.
पोरं स्प्रिंगा कापतात, हायड्रॉलिक लावतात,
रविवारी मिस्सा संपली की चर्चपासून पेट्रोलपंपापर्यंत
पोट रस्त्याला टेकवून
गोगलगाईला वाट देत जातात.
सगळ्या गावात मी एकट्याने गाडी वर उचलली.
वीतभर.

कारण विचाराल तर सरपण.
पिन्यॉन, जुनिपर, वरच्या माळावरून,
जिथे मार्चमधला चिखल चाकाला धरतो तो
जेवल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
कारण खरंच होतं.
पण उंच बसून दुसऱ्यांच्या टपांवरची धूळ मोजायलाही
बरं वाटायचं.

मागे पाट्यांखाली लोखंडी ठोकळे,
पुढे लांब स्प्रिंगा,
ब्रेकच्या नळ्या वाढवल्या, त्या पहिल्याच उतारावर गळल्या.
शाफ्टचा कोन जुळेना, त्यात तीन रविवार गेले.
वेल्डिंग मेव्हण्याचं, उबाल्दोचं, म्हणून तिरकं.
मूळ स्प्रिंगा ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळल्या
आणि शेडच्या आढ्याला टांगल्या.
का, ते तेव्हाही ठाऊक नव्हतं.

हिशेब एउफेमियाकडे.
कोठीतल्या कॅलेंडरांवर, शिसपेन्सिलीने:
तेल बदललं.
पाण्याचा पंप, चौसष्ट डॉलर, बेर्नीला ताप.
क्लच. आई गेली.
डाव्या दाराची काच अडकते, हात घालून वर ओढायची.
फिल्टर.
फिल्टर.
पुढे काही महिने कोरे, आम्ही बोलत नव्हतो तेव्हाचे.

या नोव्हेंबरात तिचा खुबा बदलला.
सांता फेच्या दवाखान्याच्या दाराशी मी ट्रक आणून लावला,
धुऊन, चकाकवून.
नर्सने आधी पायरी पाहिली, मग तिला, मग मला.
एउफेमियाने मुठीवर हात ठेवला
आणि तो तिथेच राहिला.
तीस वर्षं ती ही वीत चढत आली होती,
कडेवर पोर घेऊन, पिठाची पोती घेऊन, एकदा तर ताप अंगात घेऊन,
आणि मी दुसऱ्या बाजूने
आरसा नीट करत बसलेला.

शेवटी भाच्याच्या गाडीतून घरी आली,
त्याच जांभळ्या, जमिनीला टेकलेल्या.
मी मागून. वरून त्यांचा टप दिसत होता.
धूळ नव्हती त्यावर.

आधी पायरी जोडली. दंव पडलं, पायरीवर काच.
मग स्टूल. स्टुलाकडे तिने नुसतं पाहिलं.
शनिवारी मी गोणपाट उतरवलं.

बोल्ट हलेनात. दोन दिवस तेल पाजलं,
पाईप लावून लटकलो, एकोणसत्तर वर्षांचं वजन टाकून.
एक कापावाच लागला.
ठिणग्या दाढीत गेल्या, जळक्या केसांचा वास घेऊन जेवलो.
जॅक हळूहळू सोडला तेव्हा ट्रक
म्हातारा बैल बसतो तसा
आधी मागून, मग पुढून,
मग एक उसासा टाकून खाली आला.

पोरं बघायला जमली.
"आता अजून वीतभर, तात्या," एक जण म्हणाला,
"मग रविवारी आमच्याबरोबर."
शिवी तोंडात आली होती. पाना मागितला.

ठोकळे दोन होते.
एक कोंबड्यांच्या दाराला अडसर म्हणून.
दुसरा कुठे ठेवलाय ते सांगणार नाही.

सोमवारी ती बसली. आधी पाठ, मग एक पाय,
मग हाताने उचलून दुसरा.
मांडीवर पर्स. दार स्वतः ओढलं.
वळणावर दुसरा गिअर ओरडला
तशी म्हणाली, "हे नाही जमलं वाटतं दुरुस्त करायला."

संध्याकाळी कॅलेंडर पाहिलं.
ट्रक खाली घेतला.
त्याखाली, त्याच पेन्सिलीने,
अंडी, दोन डझन.