घडी

तार्तू. शीतखोलीत चार अंश.
लेइदा स्वेटरवर एप्रन चढवते.

जिवाणूंनी घाईघाईत विणलं सगळं
आणि कोंबलं पेशीच्या कोपऱ्यात:
पांढरा, मुका गोळा.
युरियात विरघळला.
म्हणीच्या उलट झालं,
पीळ गेला, सुंभ तेवढा राहिला.

आता घाई नको.
पातळ पडद्याच्या पिशवीतून
युरिया रात्रभर झिरपतो बाहेर,
धाग्यांना घडी आठवू लागते.
सगळ्यांना नाही.
परवाची बॅच दुधासारखी नासली,
तेव्हा ती काही बोलली नाही,
बाटली धुतली फक्त.

सकाळ. बाहेर एमायोगी नदी गोठलेली.
नळीत रंगहीन पाणी.
ती घड्याळ लावते.
चाळीस सेकंद, काहीच नाही.
मग किंचित पिवळं.

लेइदा वहीत लिहिते: तीन टक्के.
तीनखाली दोन रेघा ओढते.